छाया म्हणजेच हर्षाली

सोमवारी सकाळी माझी धाकटी जाऊ वत्सला उंबऱ्याबाहेरच थांबली, तेव्हाच मी ओळखलं की आज तिला माझ्याकडून काहीतरी हवंय. एरवी ती सरळ आत येते, खुर्ची ओढते आणि फोन पुढं करून समुद्र दाखवते.

तो समुद्र मालदीवचा. तिची सून हर्षाली तिकडं एका बेटावरच्या शाळेत गणित शिकवायला गेली होती. जाऊन अडीच महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत गंगापूर रोडच्या आमच्या गल्लीत असं एक घर उरलं नव्हतं, जिथं वत्सलानं तो समुद्र नेला नाही. भाजीवाल्याला दाखवला. भजनी मंडळात टाळ खाली ठेवून दाखवला. मला पाच वेळा दाखवला. दर वेळी मी "छान हाय गं" म्हणायचे आणि माझ्या पोटात चुलीवर विसरलेल्या दुधासारखं काहीतरी करपायचं.

"अक्का, हर्षालीचं एक काम अडलंय," वत्सला म्हणाली.

"समुद्र आटला का?"

ती हसली नाही. खाली बसली आणि सगळं सांगितलं. हर्षालीला अजून एक दिवसही वर्गात शिकवू दिलेलं नव्हतं. इथला एजंट म्हणाला होता, आधी पाहुणी म्हणून जा, कामाचा परवाना तिथं गेल्यावर होतो. तिथं गेल्यावर कागद अडकले. पदवीवर नाव होतं छाया रावजी गतीर. पासपोर्टवर नाव होतं हर्षाली मयूर थेटे. ही दोन्ही नावं एकाच बाईची, हे तिकडच्या साहेबांना कोण सांगणार?

आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवरदेवानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. मयूरनं हर्षाली लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून छाया हे नाव कुणी घेतलं नाही. एवढ्यावर भागलं असतं, पण लग्नाची नोंद करताना ग्रामसेवकाला आमच्या माणसांनी नवरीचं नाव हर्षाली असंच सांगितलं. आधार कार्डही तसंच झालं. त्यामुळं दोन्ही नावं शेजारी शेजारी असलेला एकही कागद घरात नव्हता. दहा वर्षांत कुणाला त्याची गरज पडली नाही.

"दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं पाहिजेत म्हणे," वत्सला म्हणाली. "एक माहेरचं, ते तिच्या वडिलांनी दिलं. एक सासरकडचं, पण नवरा नको, सासू नको. लग्नाच्या आधीपासून तिला छाया म्हणून वळखणारं माणूस पाहिजे. हर्षाली म्हणाली, मोठ्या आईंना विचारा."

मोठी आई म्हणजे मी.

"तिनं माझंच नाव कसं घेतलं?"

"म्हणाली, त्यांनी मला आधी पाहिलंय. कुठं, ते काय बोलली नाय. गुरुवारी दुपारपर्यंत कागद पोचला पाहिजे, शुक्रवारी तिकडं सुट्टी असती. नाय पोचला तर रविवारी तिचे राहायचे दिवस संपतात. मग परत यावं लागंल आणि ती जागा दुसऱ्याला जाईल."

मी म्हणाले, बघते. वत्सला गेल्यावर मी कपाटातून माझं आधार कार्ड काढलं आणि भाकरीच्या पिठाच्या डब्यात तळाशी घातलं.

मी हर्षालीला आधी कुठं पाहिलं ते वत्सलाला ठाऊक नसावं, पण मला माहीत होतं. मयूरचं लग्न व्हायच्या वर्षभर आधी ही मुलगी माझ्या रोहितसाठी सांगून आली होती. मी आणि आमचे हे, दोघंच इगतपुरीला जाऊन तिला पाहून आलो. वडील रेल्वेत, घर दोन खोल्यांचं, माणसं चांगली. मुलीनं पोहे आणले. मग आमच्या ह्यांना काय आठवलं कुणास ठाऊक, त्यांनी खिशातून जमिनीची नोटीस काढली. आठ दिवस ती खिशात घेऊन फिरत होते, कारण आम्हा दोघांनाही ती वाचता येत नव्हती. मुलीनं ती उभ्याउभ्या वाचली आणि घाबरायचं कारण नाही, फक्त अमुक तारखेला हजर राहायचं आहे, असं समजावून सांगितलं. हे मान खाली घालून ऐकत होते. मध्येच "बरं बाई" म्हणत होते. तीस वर्षांच्या संसारात माझं एकही बोलणं त्यांनी असं ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर मी सांगितलं, मुलगी काळी आहे आणि फार वाळलेली आहे. विषय संपला. मध्यस्थानं वर्षभरानं तेच स्थळ वत्सलाच्या घरी नेलं, तेव्हा मी एक अक्षर बोलले नाही. मनात म्हणाले, घे, माझं टाकलेलं घे.

आणि ते टाकलेलं त्यांच्या घरात असं उजळलं की माझी झोप गेली. सासऱ्याचं दवाखान्याचं बघायची, दिराच्या दुकानाचे कागद करायची. संध्याकाळी ओट्यावर गल्लीतल्या पोरांचा अभ्यास घ्यायची. मी मटार सोलायला म्हणून त्या ओट्याच्या कडेला जाऊन बसायचे. एके दिवशी तिनं पोरांना दिली तशी एक पाटी माझ्यापुढं ठेवली आणि काही न बोलता पुढच्या पोराकडं वळली. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. दीड वर्षात वर्तमानपत्र वाचायला लागले. हे झाल्यावर तरी माझा मत्सर जायला हवा होता. गेला नाही. उलट तिचा शब्द न् शब्द मला माझा वाटायला लागला आणि वत्सला "माझी सून" म्हणाली की आत कुणीतरी चिमटा काढायचं.

मंगळवारी वत्सला दोनदा आली. "कार्ड सापडंना गं," मी म्हणाले. तिनं माझ्याबरोबर कपाट उपसलं, गादीखाली पाहिलं, देवाच्या फोटोमागं पाहिलं. धुळीनं शिंकत होती बिचारी. मी तिला शोधू दिलं.

बुधवारी दुपारी हर्षालीचाच फोन आला. पडद्यावर समुद्र नव्हता. मागं एक कपाट आणि कागदांचा ढीग होता.

"मोठ्या आई, वाचन चालू आहे ना?"

"चालू हाय. तू काय करती?"

"तक्ते कापते. परवाना नाही तोवर वर्गात पाऊल टाकायचं नाही असा नियम आहे. मुलं खिडकीतून हात करतात. एकजण तर रोज विचारते, मिस, आज तरी येणार का." ती जराशी हसली. "मोठ्या आई, तुम्हाला अवघड वाटत असेल तर राहू दे. मी बाबांना तिकीट बघायला सांगितलंय."

"आल्यावर काय करशील?"

"तिकडची शाळा सोडून आले, तिथं आता दुसरी बाई आहे. बसेन घरी."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते, कारण खोटं लिहायचं असतं तर लिहायला बसलेच नसते. मनात आलं, येऊ दे परत. त्या बेटावरच्या पोरांना ती कशाला पाहिजे? वत्सलाचा समुद्रही बंद होईल आणि संध्याकाळचा ओटा पुन्हा सुरू होईल. मी तिला म्हणाले, "कार्ड शोधती बाई," आणि फोन ठेवला. उरलेला दिवस मला बरं वाटत होतं.

गुरुवारी सकाळी मी चहा पीत बसले होते. रोहितची बायको तृप्ती स्वयंपाकघरातून आली. हात पिठानं भरलेले. तिनं माझ्या बशीशेजारी आधार कार्ड ठेवलं आणि पदरानं त्यावरचं पीठ पुसलं.

"आई, ह्याची भाकरी थापायची होती का?"

मी बशी उचलून चहाचा घोट घेतला.

"काकूंना सांगू सापडलं म्हणून, का परत डब्यात घालू? जे सांगाल ते करते." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला गंमत वाटत होती, आणि तेच मला लागलं. आज ती हसेल, उद्या रोहितला सांगेल, परवा सगळ्या गल्लीला कळेल की लंकाबाई सुनेच्या वयाच्या पोरीवर जळते. मी चांगुलपणानं उठले असं कुणी समजू नये. जळकी म्हणवून घ्यायच्या भीतीनं उठले.

"सांग तिला. रिक्षा बोलव म्हणावं."

कोर्टाजवळ नोटरी करणाऱ्या एका वकीलबाई होत्या. त्यांच्या टेबलासमोर आम्ही दोघी जावा बसलो. साडेअकरा वाजले होते. वकीलबाईंनी संगणकावर माझं नाव, वय, पत्ता लिहिला आणि विचारलं, "आजी, लग्नाआधी तिला छाया या नावानं तुम्ही कुठं पाहिलंत? नुसतं ओळखते म्हणून भागायचं नाही. परदेशात जायचा कागद आहे, ठिकाण आणि कारण लागेल."

वाटेत मी एक उत्तर तयार केलं होतं. इगतपुरीला एका लग्नात पाहिलं, असं सांगणार होते. पण वकीलबाईंनी पुढं म्हटलं, "खरं तेच सांगा हं. वडिलांच्या कागदात वेगळं लिहिलं असेल तर दोन्ही बाद होतील."

रावजींनी काय लिहिलं होतं ते मला माहीत नव्हतं. वत्सला माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"तिच्या घरी पाहिलं," मी म्हणाले. "माझ्या मुलासाठी बघायला गेले होते. तेव्हा तिचं नाव छाया होतं."

"मग जमलं नाही?"

"मी नको म्हणाले."

वकीलबाईंची बोटं थांबली. "ते लिहायची गरज नाही. विवाहाच्या बोलणीनिमित्त पाहिलं, एवढं पुरे."

मी वत्सलाकडं पाहिलं नाही. कागद छापून आला. मी तो आधी वाचला, अक्षर न् अक्षर वाचला. "छाया रावजी गतीर म्हणजेच हर्षाली मयूर थेटे" अशी एक ओळ होती, ती दोनदा वाचली. मग खाली सही केली. शिक्का पडला. वकीलबाईंच्या मुलीनं फोटो काढून मालदीवला पाठवला आणि बारा वाजून दहा मिनिटांनी तिकडून मिळाल्याचं उत्तर आलं. मूळ कागद कुरिअरनं गेला. कागद वेळेत पोचल्यानं तोवर तिला तिथं राहू दिलं. परवाना बाराव्या दिवशी झाला, आणि वत्सलानं पेढे वाटत समुद्राची पुन्हा एक फेरी काढली.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशी परतताना रिक्षात झालं.

रिक्षा कोर्टाचा रस्ता सोडून वळली. मग मीच म्हणाले, "बोल आता काय बोलायचं ते."

"काय बोलू? मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवाळीपासून. हर्षालीनंच सांगितलं. सासूपासून लपवून ठेवायला नको म्हणून."

"आणि दहा वर्षं तू गप्प?"

"कशाला बोलू? तुम्ही म्हणाला असता, आमचीच होती, द्या परत." ती हसली, पण नेहमीसारखं नाही. तिचं लक्ष माझ्या हातातल्या कागदाच्या प्रतीवर होतं. "दाखवा बघू ती सही."

मी दाखवली. तिनं माझ्या नावावरून बोट फिरवलं. तिथं ल आहे की क, हे तिला कळत नव्हतं.

"लय सरळ येतं तुमचं," ती म्हणाली. "मी त्याच घरात होते अक्का. रोज संध्याकाळी चहा करून तुम्हाला मीच ओट्यावर आणून द्यायचे. तुमच्यापुढं पाटी ठेवली तिनं. माझ्यापुढं कधी ठेवली नाय."

"तू सासू. तुला कशी सांगणार ती, बस म्हणून."

"मग मी आपणहून बसायला पाहिजे होतं. नाय बसले. तुम्ही तिथं बसलेल्या ना." तिनं कागद माझ्या हातात परत दिला आणि तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं. "तुम्ही पेपर मोठ्यानं वाचता सकाळी, भिंतीपलीकडं ऐकू येतं. मी तेव्हा नळ सोडून ठेवते."

मला खरं तर तिचा हात धरायला हवा होता. उद्यापासून ये, मी शिकवते, असं म्हणायला हवं होतं. तसं मी आठ दिवसांनी म्हणाले, पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी मी कागदाची घडी घातली, ती कमरेला नीट खोचली आणि रिक्षात जरा ऐसपैस बसले. माझ्यावरही कुणी जळत होतं, आणि तेही इतकी वर्षं. घर येईपर्यंत मी ते सुख कुणालाही दिलं नाही.