एकच सूर राहिला

माझ्या नाकावर राग असतो, असं आमचे मास्तर म्हणतात. असेल. पण ज्याचा धाकटा भाऊ ‘दोन महिन्यांत येतो, ताई’ म्हणून गेला आणि नऊ वर्षं फिरकला नाही, त्यानं शांत राहून दाखवावं.

आमचा बँड तिघांचा. मी बेस गिटार वाजवते, मास्तर ड्रम, धाकटा गिटार. आम्ही बसवलेलं असं काही वाजवत नाही. एक धून धरायची आणि ती नेईल तिकडे जायचं, कधी वीस मिनिटं, कधी चाळीस. आमची एक जुनी खोड आहे. एखादं गाणं मध्येच सोडायचं आणि पुढच्या कार्यक्रमात नेमकं तिथूनच उचलायचं. त्या सुटलेल्या टोकासाठी लोक परत येतात.

धाकट्यानं शेवटच्या कार्यक्रमात आमचं सगळ्यात लाडकं गाणं असंच सोडलं आणि दुसऱ्या दिवशी एका गायिकेबरोबर छोटंसं काम करायला गेला. त्या कामातून दुसरा बँड निघाला, दुसऱ्यातून तिसरा. आता त्याचे चार आहेत. एकात तर नुसती गिटार आणि शिट्टी. ते कोण ऐकतं देव जाणे. मी ऐकते, चारही.

मधे दोन गिटारवाले आमच्याकडे येऊन गेले. दोघांनीही विचारलं, ते गाणं पूर्ण करूया का. मी म्हटलं, ज्याचं आहे त्याला करू दे. खरं सांगायचं तर ते अर्धवट होतं, तोवर तो परत यायचा होता.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. “रविवारी दुपारच्या कार्यक्रमात तुमच्यात वाजवू?” मी त्याच्या गिटारचा जुना अँप्लिफायर माळ्यावरून काढला. ओल्या फडक्यानं पुसला, वायर तपासली, पुन्हा पुसला. मास्तरांनी दुसरं, कोरडं फडकं पुढे केलं. शहाणा माणूस.

तो आला तर डोक्यावरचे केस विरळ झालेले. शिव्या तयार होत्या माझ्या, तोंडातून निघालं, “जेवलास का?” जेवला. मग तारा जुळवता जुळवता म्हणाला, “ताई, ते गाणं आज संपवून टाकू. जिथं वाजवतो तिथं कुणी ना कुणी विचारतंच. एकदा संपलं की मी मोकळा.”

“मोकळा म्हणजे?”

“आता मी काही परत यायचा नाही गं. तुलाही ठाऊक आहे. उगाच कशाला लोंबकळत ठेवायचं?”

मास्तर आधीच घट्ट असलेला स्क्रू आवळत बसले. मी हो म्हटलं.

मला वाटलं होतं, गाणं सोडलं ती जागा विसरला असेल. त्यानं पहिलाच सूर नेमका तिथला लावला. बोटांत चार बँडांचं पाणी मुरलेलं, पण वळण आलं की किंचित थांबायचा, मी गाठेपर्यंत. लहानपणी जिन्यात असाच दोन पायऱ्या वर थांबून राहायचा. मला इतकं भरून आलं की बेसच्या पट्ट्या नीट दिसेनात.

शेवट माझ्याकडे असतो. बेसवर चार सूर खाली उतरायचे आणि चौथ्यावर तिघांनी एकदम थांबायचं. धाकट्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. मी एक वाजवला, दोन, तीन.

आणि तारांवर हात ठेवला.

मास्तरांच्या काठ्या हवेतच थांबल्या. तीस वर्षांची सोबत. लोकांच्या लक्षात आलं तसे ते हसायला, टाळ्या वाजवायला लागले. धाकटा माझ्याजवळ आला.

“ताई, एकच सूर राहिला होता.”

“राहू दे. पुढच्या वेळी.”

तो रागावेल असं वाटलं होतं. तो वायर काढून गुंडाळायला लागला.

“दोन महिन्यांत येतो, ताई,” तो म्हणाला.

अँप मी अजून माळ्यावर ठेवलेला नाही.