जाणाऱ्यानं काय म्हणायचं

योगेश्वरी तिबेटी शिकतेय हे गोठणगावात कळलं तेव्हा लोक हसले, आणि तिच्या सासूचं, सुलोचनाबाईचं, तर डोकंच फिरलं. "त्या बोलीनं का भात शिजते व? कायले शिकून राहिली?" सासूच ती, बोलणारच. पण गावालगतच्या तिबेटी निर्वासितांच्या कॅम्पातली जमीन ठेक्यानं करायची, तिथं रोजचं दूध घालायचं, आणि सुनेनं मात्र तोंड शिवून यायचं, हे कसं जमावं?

दूध मोलाकडे जायचं. मोला म्हणजे आजी. सगळा कॅम्प तिला तेच म्हणायचा. थंडी लागली की तरणी माणसं स्वेटर विकायला नागपूर-रायपूरकडे निघून जायची आणि मागे म्हातारे उरायचे. योगेश्वरी मोलाच्या चुलीपाशी घटकाभर टेकायची. मीठ, दूध, विस्तव असं करत करत चार हिवाळ्यांत ती बोलायला लागली.

तिचं लेकरू सात दिवसांचं होऊन गेलं होतं. घरात त्याचा विषय काढायची सोय नव्हती. सासूनं पाळणासुद्धा माळ्यावर टाकलेला. मराठीत सांगायला गेली की ती भलतंच काही बोलून उठायची. पण एका दुपारी मोलापुढे तिनं तोडक्यामोडक्या तिबेटीत सांगून टाकलं: बाळ होतं, सात दिवस होतं, आता नाही. आणि पोटभर रडली. त्या दिवसापासून ती भाषा तिला माहेरासारखी वाटायची.

तिथली निरोपाची रीतही तिला फार आवडायची. जाणाऱ्यानं म्हणायचं 'काले शू', सावकाश बसा. राहणाऱ्यानं म्हणायचं 'काले फे', सावकाश जा. रोज ती पहिलं म्हणायची, मोला दुसरं.

दोन हजार आठच्या जानेवारीत मोलाला ताप भरला. चौथ्या दिवशी मात्र बरी दिसली. उठून बसली, चहा प्यायली. योगेश्वरीनं कॅन उचलला आणि "काले शू" म्हणाली.

मोलानं तिचा हात धरला. "काले शू," तीही म्हणाली.

"चुकलीस मोला," योगेश्वरी हसली. "जाणार मी आहे."

मोलानं पुन्हा तेच म्हटलं आणि उत्तराची वाट बघत राहिली. ताप डोक्यात चढला असेल, असं म्हणत ही बया निघाली.

वाटेतल्या तलावाच्या पाळीवर आली आणि थबकली. मोला चुकली नव्हती. चार वर्षांत एकदाही चुकली नव्हती. कॅन तिथंच टाकून योगेश्वरी उलटी पळाली. जाऊ नको म्हणणार होती, जमेल त्या भाषेत भांडणार होती.

मोला आडवी झाली होती. श्वास चालू होता, पण लांबलांब. तिनं डोळे उघडून योगेश्वरीकडे पाहिलं. ती अजून वाटच बघत होती. भांडण योगेश्वरीच्या तोंडून निघेचना.

"काले फे," ती म्हणाली.

थोड्या वेळानं तिच्या हातातली मोलाची बोटं सैल पडली. योगेश्वरीनं मोलाची गोधडी सारखी केली. मग तिच्या तोंडून आपोआप पुन्हा तेच निघालं, "काले फे." हे आपण कोणाला म्हणालो ते तिला म्हटल्यावर कळलं.

सून परतली नाही म्हणून शोधत आलेली सुलोचनाबाई दारात उभी होती. "मेलेल्या माणसासंग काय बोलून राहिली व?"

"सावकाश जा म्हणून राहिली, माय," योगेश्वरी मराठीत म्हणाली. "आपल्या लेकराले. त्याले कोणीच म्हटलं नव्हतं."

सुलोचनाबाईनं पदर तोंडाशी धरला आणि ती उंबऱ्यावरच बसली.

"कसं म्हणतेत व ते?" तिनं विचारलं. "मलेही सांग."