साक्षगंधाआधीचा डोळा

"पापणी वर कर वं पोरी, पाहू दे मले," मनोहरराव म्हणाले. टॉर्च जवळ नेताच त्यांचं तोंड कडू झालं. उजवा डोळा लालभडक, आणि बुबुळावर पांढरा ठिपका.

सदर भागातल्या या चष्म्याच्या दुकानात त्यांची बावीस वर्षं गेली होती. डोळ्यात घालायच्या मऊ लेन्स ते कुणालाही सहजासहजी देत नसत. पारशिवनीच्या पुष्पलताला मात्र सात महिन्यांपूर्वी हौसेनं दिल्या. कॉलेजात खो-खो खेळणारी पोर, जाड भिंगांचा चष्मा दोनदा मैदानावर फुटलेला. साबणानं हात धुवायचे, झोपण्याआधी लेन्स काढून डबीतल्या औषधात ठेवायच्या, हे तिनं एकदा ऐकलं आणि एक दिवस चुकली नाही. दर तपासणीला डोळे कसे लख्ख! विद्यापीठाच्या संघात निवड झाली तेव्हा पेढे घेऊन आली होती.

"डोळ्यात किती वेळ होत्या?"

"दोन दिवस, दोन रात्री."

"काहून?"

उत्तर दिलं तिच्या बापानं, चंपतरावांनी, खुर्चीत ऐसपैस बसून. "पोरगी पाहाले पाहुणे आले होते. पोरीले चष्मा नाही म्हणून सांगितलं होतं आमी. अन् थे मुक्कामीच राहिले. डबी, बाटली, चष्मा कोणाले दिसन म्हणून हिच्या मायनं सारं गव्हाच्या कोठीत लपवलं. कोठी पाहुण्यायच्याच खोलीत."

"मी मागत होती, काका. डोळा जळून राहिला होता. बाबा म्हणे, दोन दिवसानं काही होत नाही."

"मंग आज चष्मा कुठं हाये?"

"घरीच. रस्त्यात कोणी पाहीन म्हणे."

मनोहररावांना शिसारी आली. पोटच्या पोरीचा डोळा जळत होता आणि हा माणूस पाहुण्यांना पानसुपारी देत बसला होता! त्यांनी डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहायला घेतली. "आत्ताच दवाखान्यात न्या. डोळा जाऊ शकते."

"तुमची लेन्सच खराब असन."

"सात महिने चांगली होती."

चंपतराव पुढे झुकले, हळू आवाजात म्हणाले, "पोरगी पसंत पडली त्यायले, पंधरा दिवसावर साक्षगंध हाये. वरून दुसरी लेन्स बसवली, तर ठिपका झाकन का?"

असल्या माणसाशी एक शब्द बोलायची मनोहररावांना किळस वाटली. लिहून झालेली चिठ्ठी त्यांनी थेट पोरीच्या हातात दिली.

"काका, अजून एक चिठ्ठी लिहा," पुष्पलता म्हणाली. "मले दिसून नाही राहिलं. पाहुण्यायचा पत्ता सांगतो मी. पोरीले चष्मा हाये, साडेसात नंबरचा, असं लिहा."

"पुष्पे!" चंपतराव उठले.

मनोहररावांनी मान वर केली नाही. "उजव्या डोळ्याचं काय लिहू?"

"जे झालं थे लिहा."

त्यांनी लिहिलं, पत्ता घातला आणि दवाखान्यासाठी रिक्षा थांबवली. चंपतरावांनी तिला धरायला हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही. पायानं चाचपत, एकेक पायरी ती आपली आपण उतरली.