हरकत नाही

आमचे साहेब हुशार, यात वाद नाही. जंगलाच्या दहा वर्षांच्या आराखड्यावर लोकांचं म्हणणं ऐकून घ्या, असा वरून हुकूम आला, तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "लोक पाल्हाळ लावतात. तुम्ही फक्त उत्तर टिपायचं, प्रश्न नाही. कागद वाचतो." बावीस वर्षं मी या ऑफिसात कारकून आहे. कागदाचा एवढा कळवळा साहेबांना कधीपासून, हे काही मी विचारलं नाही.

आराखड्यात खरी भानगड एकच होती. जंगलातून पलीकडच्या वस्तीला जाणारी पायवाट बंद करायची होती. फॉर्मवर दोन रकाने होते: 'वाट बंद करण्यास नागरिकांची हरकत' आणि 'वाट खुली ठेवण्यास अध्यक्षांची हरकत'. अध्यक्ष अर्थात साहेबच.

सुनावणीला सव्वीस जण आले. त्यांत एक शिवणकाम करणारी मावशी. तशी ती माझी कुणी नाही, पण सगळेच तिला मावशी म्हणतात. तिची धाकटी बहीण पलीकडच्या वस्तीत अंथरुणाला खिळलेली. मावशी रोज दुपारी मशीन झाकते, चाळीस मिनिटं चालत जाते, बहिणीला न्हाऊ घालते, वेणी घालून परत येते. रस्त्याने जायचं तर दोन बस आणि अख्खा दिवस. "वाट गेली तर मी आठवड्यातून एकदा जाईन गं," ती मला म्हणाली, "बाकीचे सहा दिवस तिची वेणी कोण घालणार?"

साहेब स्वतः दारात उभे होते. आलेल्याची सही घ्यायची आणि गोड हसून विचारायचं, "खुर्च्या कमी पडल्यात. बाकावर बसलात तर चालेल?"

"हरकत नाही, साहेब," लोक म्हणायचे. जंगलातला मध विकणारा मधवाला नुसतंच "चालेल" म्हणाला, तर साहेबांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे हरकत नाही ना?"

"छे! कसली हरकत?"

साहेबांनी मला डोळ्यांनी खुणावलं. पाचव्या माणसाला माझी ट्यूब पेटली. पण नोकरी ती नोकरी. मी टिपत गेले. मावशीचंही टिपलं, आणि स्वतःचाच राग आला.

तासभर साहेब नकाशावर छडी फिरवत एकटेच बोलले. मग मी वाचून दाखवलं: "उपस्थित सव्वीस. वाट बंद करण्यास हरकत नाही, सव्वीस."

एकच गलका झाला. "अहो, ते बाकाबद्दल होतं!" मधवाला ओरडला.

"शब्द तुमचेच, सह्याही तुमच्याच," साहेब म्हणाले. "ज्याच्या तोंडून जे निघेल ते लिहायचं, हा नियम सगळ्यांना सारखाच."

मावशी ओरडली नाही. ती माझ्या टेबलापाशी आली आणि दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा रिकामा कसा?"

"साहेबांचं उत्तर यायचंय," मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मी पेनाचं टोपण काढलं.

साहेब छडी गुंडाळलेल्या नकाशात खोचत होते. मावशी त्यांच्याजवळ गेली. "साहेब, घसा कोरडा पडलाय हो. तुमच्या तांब्यातलं पाणी घेतलं तर चालेल?"

"घ्या की, हरकत नाही."

मी टिपलं. साहेब खुशीत होते, न वाचताच त्यांनी सही ठोकली.

पंधरा दिवसांनी कागद वरून परत आला. लोकांना वाट बंद करायला हरकत नाही आणि अध्यक्षांना खुली ठेवायला हरकत नाही, तर नक्की करायचं काय, असा शेरा होता. फेरसुनावणी घ्या, तोवर वाट जैसे थे.

साहेब लालबुंद. "हे काय लिहिलंत तुम्ही?"

"तुमचं उत्तर, साहेब. प्रश्न लिहायचा नाही म्हणाला होतात."

फेरसुनावणीला दुसरे अधिकारी येणार होते. माझी मात्र महिनाभरात तळघरातल्या जुन्या फायलींवर बदली झाली. मावशी तिथेही शोधत आली. हातात बहिणीचा कंगवा होता, जाताजाताच वळली होती. "माझ्यापायी तुला या अंधारात बसवलं गं," ती म्हणाली.

मी खुर्ची पुढे सरकवली. "हरकत नाही, मावशी."