तोताराम आबांचं अ‍ॅव्हरेज

धुळ्याच्या आयुषी ओस्तवालनं कॉम्प्युटरवर मोटार बांधली. एक लिटर पेट्रोलमध्ये जी सर्वांत लांब जाईल ती पहिली, अशी स्पर्धा होती. मोटार, रस्ता आणि पेट्रोल तिन्ही पडद्यावरच असल्यामुळे घरच्यांची हरकत नव्हती. आयुषीनं बॉडी निमुळती केली, चाकं बारीक केली, आरसे काढून टाकले. तरी गाडी एक्केचाळीस किलोमीटरला बसायची आणि आयुषी चौथी होती. पुण्याच्या अंतिम फेरीला पहिले तीनच जाणार होते, आणि मुदत त्याच संध्याकाळी सहाची.

दोष गाडीत नव्हता, पायात होता. आयुषी अ‍ॅक्सिलरेटर झुरळ मारल्यासारखा दाबायची. चालक कोणीही चालेल असं नियमात होतं, म्हणून तिनं शेजारच्या तोताराम आबांना बोलावलं. आबांनी अमळनेर–धुळे एसटी तीस वर्षं चालवली होती. डिझेल वाचवल्याबद्दल डेपोत चारदा सत्कार झाला होता. शाल एकच होती, ती दर वेळी परत घेतली जायची.

आबांनी चपला काढून टेबलाखालच्या पेडलवर पाय ठेवला. आरसे कुठे गेले ते विचारलं, मग हॉर्न मागितला. हॉर्नला वजन नसल्यामुळे तो मिळाला. गाडी इतकी अलगद निघाली, की ती निघाल्याचं आयुषीला आकड्यांवरून कळलं.

तिसऱ्या वळणावर ती थांबली. कडेला प्रेक्षक उभे होते, स्पर्धावाल्यांनी शोभेसाठी काढलेले, हात हलवणारे.

"आबा, ती नुसती चित्रं आहेत."

"हात दाखाडी ऱ्हायना ना? मंग तो पॅसेंजर शे."

थांबून पुन्हा गाडी उचलायला पेट्रोल जातं, हे आबांना आयुषीपेक्षा जास्त ठाऊक होतं. पण हात केलेल्या माणसाला सोडून जायला पायच तयार नव्हता. असे प्रेक्षक चौदा ठिकाणी होते. दोन प्रयत्न वाया गेले, साडेचार वाजले. तेव्हा आयुषी पळत जाऊन मागच्या गल्लीतल्या कोकिळाबाईंना घेऊन आली. आबांच्या गाडीवर शेवटची सहा वर्षं त्याच कंडक्टर होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आबांच्या मागे उभ्या राहिल्या आणि पहिला हात दिसताच पडद्याकडे वाकून म्हणाल्या,

"मांगून रिकामी गाडी ई ऱ्हायनी."

आणि स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवला.

आबा न थांबता पुढे गेले. चौदाही ठिकाणी कोकिळाबाईंनी तेच आश्वासन त्याच चेहऱ्यानं दिलं. गाडी अठ्ठावन्न किलोमीटर गेली आणि आयुषी दुसरी आली. तिच्या आईनं आधी कोकिळाबाईंच्या तोंडात पेढा कोंबला, मग लेकीच्या.

आबा मात्र खुर्चीवरून उठेनात. मागची गाडी कधी सोडणार, असं विचारत बसले.

स्पर्धा आटोपली होती. तरी आयुषीनं बसून दुसरी गाडी बांधली, चव्वेचाळीस सीटची, आरशांसकट, आणि पेट्रोलला मर्यादाच ठेवली नाही. आबा प्रत्येक हातापाशी थांबले. चढलं कोणीच नाही.

"चढनं नही, तर हात कशाले दाखाडतस?" असं पुटपुटत, कोकिळाबाईंच्या पेल्याची डबल बेल मिळाल्यावरच, आबांनी दर वेळी समाधानानं गाडी काढली.