पूल आला की तात्या उतरतात

मी एक जुनी, पांढरी, लहान इंजिनाची चारचाकी आहे. मित्रांनो, 'लहान इंजिनाची' हे आधीच सांगून टाकते, कारण गेले दोन महिने आमच्या बोईसरच्या घरात त्यावरूनच बोलणं चाललं होतं. मला ठेवायचं की बदलायचं? मी अंगणात उभी असते आणि खिडकीतून सगळं ऐकू येतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या सीटवर प्लास्टिक होतं. तेरा वर्षांपूर्वी तात्यांनी मला घरी आणलं आणि आधी शिरगावच्या वाडीत नेऊन सगळ्यांना दाखवलं. मग दर रविवारी नारळ, केळी, शेंगांची पोती माझ्या डिकीत. "आमची लक्ष्मी हाय ही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्यांचा मुलगा धीरज याचं लग्न झालं, तेव्हा मेघालीला घरी मीच आणलं. पुढे तीन दिवसांच्या वैभवीलाही मीच आणलं. त्या दिवशी मी इतकी हळू चालले की मागचा रिक्षावाला वैतागला होता.

अडचण एकच, रेल्वेवरचा पूल. भरलेली असले की मला तो चढवत नाही. म्हणून घरात एक पद्धतच पडली. पूल जवळ आला की एसी बंद करायचा आणि तात्यांनी उतरायचं. ते पायी पूल ओलांडायचे, आम्ही पलीकडे थांबायचो. शेजारचा चिंतू विचारायचा, "तात्या, तुम्ही गाडीला फिरवता की गाडी तुमाला?" तात्याही हसायचे. डॉक्टरने चालायला सांगितलंय, म्हणायचे.

मेघालीही हसायची. पण आता तिला सातवा महिना आहे, आणि तिचा दवाखाना पुलापलीकडे आहे. हल्ली ती गाडीत बसली की रस्ता बघत नाही. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा माझा काटा बघते, आरशातला ट्रक बघते, पुन्हा काटा. दुसरी गाडी बघू या, असं तिने दोनतीनदा सुचवलं. धीरज म्हणाला, मोठं इंजिन बसवून घेऊ. आपली वैभवी हिच्यातून आली, हिला कशी काढायची?

मला बरं वाटलं. धीरजने मला गॅरेजमध्ये नेलं. नवशा मेकॅनिकने माझं बॉनेट उघडलं, फिल्टर साफ केला, प्लग बदलले, एक चक्कर मारली. मग हात पुसत म्हणाला, "इंजिनाला काय झालेलं नाय, धीरजदादा. ते हायच एवढं." मोठं टाकायचं तर गिअरबॉक्स बदला, ब्रेक बदला, पुढचा सांगाडा बदला. मग जुनी गाडी म्हणून राहील काय, नंबरप्लेट?

धीरजने मोठ्या इंजिनाचा नाद सोडला. तात्या मात्र म्हणाले, साफ केलीय ना, आता बघा कशी पळते.

पुढच्या तपासणीला सगळेच निघाले. तात्या नेहमीप्रमाणे पुलाच्या पायथ्याशी उतरले. मी जोर लावून निघाले. अर्ध्या चढावर पुढचा टँकर थांबला आणि मीही थांबले. टँकर हलला, धीरजने क्लच सोडला, आणि मी पुढे जायच्या ऐवजी वीतभर मागे आले. मागे ट्रक होता. "आगे लो भाई, आगे," ड्रायव्हर ओरडत होता. धीरजने हॅन्डब्रेक ओढला. मागे बसलेल्या सुलूआजी, तात्यांच्या पत्नी, उतरल्या. तरी मी थरथरले आणि बंद पडले. मग मागचं दुसरं दार उघडलं. वैभवीचं बोट धरून मेघाली खाली उतरली.

तात्या चालत तिथवर पोचले होते. कठड्याला टेकून उभ्या असलेल्या सुनेकडे त्यांनी पाहिलं.

"तू कशाला उतरलीस?"

"आज चालता येतंय म्हणून उतरले, तात्या," ती म्हणाली. "कळा सुरू झाल्यावर कसं उतरू?"

तात्यांनी वैभवीचा दुसरा हात धरला आणि सगळे पायीच निघाले. रिकामी मी तो चढ झरझर चढले. मित्रांनो, एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

मोठी गाडी ठरली आहे. मला बघायला काल सफाळ्याच्या एक शिक्षिका आल्या होत्या. घरी त्या आणि त्यांची आई, शाळा जवळच. धीरज माझं कौतुक सांगू लागला, तर तात्यांनी त्याला थांबवलं.

"सपाट रस्त्याला चांगली हाय," ते म्हणाले. "चढावर भरून नेऊ नका. होत नाय तिला. आमी बरीच वर्षं नेली."

त्या विचार करून कळवते म्हणून गेल्या. अजून कळवलेलं नाही. फाटक वाजलं की माझं लक्ष तिकडे जातं.

मुलांनो, तुमच्या घरातही अशी एखादी जुनी वस्तू असेल, तिच्यावर माया करा, तिला पुसा, तेलपाणी करा. पण तिला काय झेपत नाही, हेही एकदा नीट बघा, आणि ते मोठ्याने सांगा. तात्यांनी ते सांगितलं तेव्हा त्यांचा हात माझ्या टपावर होता. नवा घेणारा कोणीही असो, त्याने मला तेवढंच ओळखून न्यावं, एवढंच माझं मागणं आहे.