आमच्या दुकानात 'पुन्हा या' म्हणत नाहीत

माझं शवपेट्यांचं दुकान आहे. आमच्या एल्मिना गावात बंदराच्या वाटेवर मास्टर एबो कुठे म्हणून विचारा, कुणीही दाखवेल. माझ्या मामाने हातात रंधा द्यायच्या आधी मला एक रीत शिकवली होती. गिऱ्हाईक निघालं की 'पुन्हा या' म्हणायचं नाही. 'सावकाश जा' म्हणायचं आणि मान खाली घालून उभं राहायचं. पेटीवाल्याने 'पुन्हा या' म्हटलं तर त्याचा अर्थ काय होतो, ते शेंबडं पोरही सांगेल. ज्याच्या तोंडून ते गेलं, त्याची पायरी मग कुणी चढत नाही.

म्हणून माझी भाची अराबा लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, हे गिऱ्हाइकांशी नातं सांभाळायचं सॉफ्टवेअर," तेव्हा मला हसूच फुटलं.

"अगं बाई, माझं गिऱ्हाईक पेटीत झोपतं. त्याच्याशी कसलं नातं सांभाळू?"

"पेटीत झोपतो तो नाही, पेटी न्यायला येतो तो. बसा इथे."

बसलो. दुकान माझ्यानंतर तिचंच. आमच्यात वारसा बहिणीच्या लेकरांकडे जातो, मग बहिणीची मुलगी असताना दुसऱ्या कुणाचं होणार? आणि खरं सांगायचं तर ती शेजारी बसून शिकवत होती, तेच मला आवडत होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. नाव, फोन, लाकूड भारी ओदुमचं की स्वस्त वावाचं. मग पायऱ्या: चौकशी, बोलणी, ऑर्डर, पूर्ण. नाव माऊसने धरून एका पायरीवरून दुसरीवर ओढायचं. माझी नावं मध्येच निसटायची.

"मामा, करवत नाही ती. हलक्या हाताने."

शेवटी एक रकाना होता, 'पुढचा संपर्क कधी'. मी एका बोटाने लिहिलं, 'देव करो आणि कधीच न येवो'. अराबाने हसत हसत पुसलं.

एका मंगळवारी ती जेवायला केंके, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उंडे, आणायला गेली. जाताना बजावून गेली, "निरोप पाठवायचं आल्यावर शिकवते. तोवर कुठल्या बटणाला हात लावू नका."

मला वाटलं, पोरीला चकित करावं. चष्मा घरी राहिला होता. पडद्यावर 'सगळे' असं काहीतरी दिसलं. सगळी नावं जपून ठेवू का, असं विचारतंय म्हणून म्हटलं, ठेव बाबा. आणि दाबलं.

थोड्या वेळाने आंटी मन्सा दारात उभी. डोक्यावर धुरावलेल्या मासळीचं घमेलं, हातात फोन.

"काय मास्टर, सवलत कधीपर्यंत आहे? नवऱ्याला सांगते, तेवढ्यात उरकून घे!"

कसली सवलत? तिने वाचून दाखवलं. 'प्रिय ग्राहक, बऱ्याच दिवसांत भेट नाही. तुमची आठवण येते. लवकर पुन्हा या! दुसऱ्या खरेदीवर खास सवलत.' सॉफ्टवेअरमधला तो तयार मजकूर बुटांच्या दुकानासाठी लिहिलेला असावा. माझ्याकडून पेटी नेलेल्या घराघरात तो पोचला होता.

मन्सा हसली, पण सगळे हसले नाहीत. माझा फोन थांबेना. एक जण म्हणाला, घरात आजारी आई आहे, तिच्यावर डोळा ठेवलास काय? एकीने शाप उतरवायला दारूची बाटली मागितली. अराबा केंके घेऊन आली आणि तिने मजकूर वाचला.

"चूक माझी, मामा. तो मजकूर मी आधीच काढून टाकायला हवा होता."

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला द्यायचं दुकान मी एका बोटाने बुडवलं होतं.

तेवढ्यात वाटेवर एग्या बाइदूची काठी वाजली. हा एग्या होडीवाल्यांचा म्होरक्या. तो सांगेल तिथूनच बंदरावरची घरं पेटी घेतात. त्याच्या बायकोची पेटी मीच केली होती. हा फिरला की सगळं संपलं. अराबाने धावत बाटली आणून त्याच्यापुढे ठेवली. मी मान खाली घातली.

"एग्या, कुणाचं मरण नाही हो मागितलं मी. हात चुकला."

त्याने बाटली बाजूला सारली. "'तुमची आठवण येते' असं लिहिलंयस ना? मला वाचता येत नाही. नातीकडून दोनदा वाचून घेतलं."

"लिहिलंय."

"तिच्या अंत्यविधीचा मंडप उतरला, पाहुणे जेवून गेले. तेव्हापासून मुलांचे फोन येतात ते जाळ्याची चौकशी करायला. माझी कुणी केली नाही, एबो."

एवढं बोलून तो बाकावर बसला. अराबाने केंके आणि तळलेली मासळी त्याच्यापुढे ठेवली. खाता खाता तो बायकोबद्दल बोलत राहिला. त्याने धरलेली मासळी बाजारात विकायला ती त्याच्याकडूनच विकत घ्यायची आणि भावावरून सगळ्या बंदरासमोर त्याला चोर म्हणायची.

"आता मी सांगेन तो भाव बायका मुकाट्याने देतात," तो म्हणाला. "त्यात काय मजा?"

मंगळवारी आमच्या होड्या समुद्रात जात नाहीत, त्यामुळे सगळं गाव वाटेवर होतं. एग्या आमच्या बाकावर बोटं चाटत बसलाय, हे सगळ्यांनी पाहिलं. मग फोन हळूहळू थंडावले.

उन्हं कलल्यावर तो उठला. 'सावकाश जा' माझ्या जिभेवर होतं. पण तो पाठमोरा दिसला आणि तोंडून भलतंच गेलं.

"एग्या, पुन्हा या."

अराबाने श्वास रोखला. एग्या पायरीवर थांबला. त्याने एकदा पेट्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याचा चेहरा हसण्याने सुरकुतला.

"येईन की! पण माझ्या पायांनी येईन हां."

तो गेल्यावर मी त्याचं पान उघडलं. 'पुढचा संपर्क कधी' या रकान्यात एका बोटाने लिहिलं, 'मंगळवारी, केंके खायला'. या वेळी अराबाने ते पुसलं नाही.